दर्यावरील प्रवासी आणि विमा

मुंबईहून गोव्याला जाणारी 'आंग्रिया' ही सहलीची बोट २०१८ सालीं सुरू झाली. ती पुढें बंद पडली. पण २०२१ सालापासून तिच्याहून कितीतरी मोठ्या बोटी मुंबईच्या बंदरांतून गोव्याकडे व लक्षद्वीपाकडे जाऊं लागल्या. तेव्हांपासून आमच्या पनवेलांतल्या सुशिक्षित कुटुंबांतून एक नवा प्रश्न ऐकूं येतो. निवृत्त शिक्षक, बँकेंतले अधिकारी, मुलें परदेशीं असलेलीं वडील मंडळी आतां 'क्रूझ'ला निघतात. तिकिटाचे पैसे भरतांना शेवटीं एक लहानशी चौकट पुढें येते, आणि प्रवासाचा विमा हवा कीं नको असें विचारते. मग घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, एवढा खर्च केला तसा आणखी थोडा. दुसरा म्हणतो, जें व्हायचें तें टळत नाहीं. मग हे पैसे जाणूनबुजून पाण्यांत कां घालावे? वरवर पाहतां हा वाद चार पैशांचा आहे. परंतु त्या चौकटीमागें दीड-दोन हजार वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासांत आमच्या या खाडीकांठच्या गांवालाही थोडी जागा आहे. तो ठाऊक असला म्हणजे उत्तर देणें सोपें जातें, अशी आमची समजूत असल्यामुळें तो येथें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आजच्या पनवेलकराला आपलें गांव एके काळीं बंदर होतें हें सांगावें लागतें, इतकी ती गोष्ट विस्मृतींत गेली आहे. आगगाडी होण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जाण्याचा राजरस्ता पनवेलवरून होता. मुंबईस पडावांत किंवा मचव्यांत बसावें, वारा व भरती साधून खाडीनें पनवेलच्या बंदरास लागावें, आणि तेथून बैलगाडीनें, तट्टावर किंवा पालखींतून खोपोलीकडे व पुढें बोरघाटाकडे निघावें, असा क्रम असे. १७७८ सालच्या अखेरीस पुण्यावर निघालेली व पुढच्या जानेवारींत वडगांवास हार खाल्लेली इंग्रजांची मुंबईची फौज याच बाजूनें घाट चढली. १८२५ सालीं कलकत्त्याचे बिशप हेबर पुण्यास गेले तेही याच वाटेनें. १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं बोरघाटांतील गाडीरस्ता खुला केला, आणि पनवेलचें महत्त्व आणखी वाढलें. येथें तयार होणाऱ्या गाडीच्या चाकांचा लौकिक सर्वत्र होता. १८५२ सालीं, म्हणजे मुंबई-ठाणें आगगाडी धावण्याच्या एक वर्ष आधीं, गांवांत नगरपालिका आली. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी गेली, आणि पुण्याच्या प्रवाशाला पनवेलची गरज उरली नाहीं.

या खाडीचा प्रवास मैलांनीं मोजला तर थोडका. पण भरती चुकली तर होडी चिखलांत रुतून बसे, वारा फिरला तर रात्र पाण्यावर काढावी लागे, आणि मुंबईच्या बंदराच्या उघड्या पाण्यांत वादळानें गांठलें तर जिवाशींच गांठ असे. मग त्या काळचा माणूस या धोक्याची तजवीज कशी करी? ती तजवीज तीन प्रकारची होती, आणि हे तीन प्रकार नीट ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत.

पहिली तजवीज पंचांगाची. कोंकणांतल्या नाखव्यांना आगोट पाळावी लागे. आगोट म्हणजे पावसाळ्याचें तोंड. त्याच्या आधीं गलबतें आपापल्या बंदरांत परत येत, किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलीं जात, आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ दिल्यावरच पुन्हां पाण्यांत लोटलीं जात. यांत भाविकता होती, पण तिच्या पोटांत शेंकडों वर्षांचा अनुभव होता. ज्या समुद्रांत गलबत टिकणार नाहीं त्या समुद्रांत तें न्यायचेंच नाहीं, याहून चांगली सुरक्षितता कोणत्या कागदानें मिळणार?

दुसरी तजवीज पैशाची. शहाणा प्रवासी रोकड जवळ ठेवीत नसे. ती सावकाराकडे भरून हुंडी घेई, आणि दुसऱ्या शहरांतल्या पेढीवर ती वटवी. हुंड्यांच्या अनेक जातींपैकीं 'जोखमी हुंडी' ही एक आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. ही गलबतावर चढविलेल्या मालावर काढीत. माल सुखरूप पोहोंचला तर हुंडीचे पैसे द्यावयाचे. माल बुडाला तर तें देणें माल घेणाऱ्यावर राहत नसे, आणि ज्यानें हुंडी विकत घेतली त्याचे पैसे जात. म्हणजे एकाच कागदांत कर्ज आणि विमा दोन्ही आले. खुष्कीच्या वाटेवर हुंडेकरी असत. ते वाटेंतल्या जकातींसह माल पोहोंचविण्याचा मक्ता घेत. माल्कम साहेबांनीं माळव्यावर जो ग्रंथ लिहिला त्यांत तेथील सावकारांमधील विम्याच्या व्यवहाराची नोंद केलेली आहे. यावरून विमा ही विलायतेहून आलेली नवलाई होय, ही कित्येकांची समजूत किती चुकीची आहे हें दिसून येईल. 'विमा' हा शब्दही फारसींतून आपल्याकडे आला. त्याचें मूळ भीति या अर्थाच्या 'बीम' या शब्दांत सांगतात. भीतीला किंमत लावून ती दुसऱ्याच्या खांद्यावर देणें, हा विम्याचा सारा व्यवहार त्या एका शब्दांत सांठलेला आहे.

तिसरी तजवीज जिवाची. आणि ती नवस व घरच्या देवापुढची सुपारी येथेंच संपत असे.

हा फरक लहान नाहीं. मालासाठीं हुंडी आणि माणसासाठीं नवस, अशी ही वांटणी कशी पडली हें पाहण्यासाठीं पनवेलच्या खाडींतून थोडें मागें, धर्मशास्त्राच्या काळांत जावें लागेल. याज्ञवल्क्य स्मृतींत व्याजाचे दर दिलेले आहेत. तारण ठेवून घेतलेल्या कर्जावर दरमहा शेंकडा सव्वा हा साधा दर. अरण्यांतून जाणाऱ्या व्यापाऱ्याला दरमहा शेंकडा दहा. आणि समुद्रावर जाणाऱ्याला शेंकडा वीस. सव्वा आणि वीस यांतलें अंतर सावकाराच्या लोभानें पडलेलें नव्हे. बाराव्या शतकाच्या आरंभीं चालुक्यांच्या कल्याणी नगरांत विज्ञानेश्वरानें या स्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली. अशा कर्जांत मुद्दलच बुडण्याचें भय असतें, असें या वाढीव दराचें कारण त्यानें दिलें आहे. म्हणजे वाढीव व्याज हाच जोखमीचा मोबदला झाला. दर्याच्या भयाला आंकडा लावण्याची ही रीत ज्या काळीं लिहून ठेविली गेली, त्या काळीं विलायतेंत विम्याचें नांवही नव्हतें. परंतु येथेंही जें बुडण्याचें भय धरलें आहे तें मुद्दलाचें. गलबतावरच्या माणसाचा विचार त्या दरांत नाहीं.

युरोपांतही हेंच घडलें. कर्जापासून वेगळा झालेला विम्याचा जो सर्वांत जुना करार आज उपलब्ध आहे तो जिनोआचा, १३४७ सालचा. तोही सागरी विम्याचाच. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्यें एडवर्ड लॉइड याच्या कॉफीच्या दुकानांत जहाजमालक व विमा उतरविणारे जमूं लागले, आणि त्यांतून आजची जगप्रसिद्ध 'लॉइड्स' ही संस्था वाढली. तेथें जहाजाचा विमा होई, मालाचा होई; आणि माणूस त्या वहींत मोठ्या प्रमाणावर आला तो माल म्हणूनच आला. १७८१ सालीं 'झाँग' या इंग्रज गुलामवाहू जहाजावरच्या लोकांनीं शंभराहून अधिक जिवंत माणसें समुद्रांत फेकून दिलीं, आणि मालकांनीं विमेवाल्यांकडे त्यांची किंमत मागितली. १७८३ सालीं तो खटला लंडनच्या न्यायालयांत चालला. खुनाबद्दल कोणाला शिक्षा झाली नाहीं. न्यायाधीशांपुढें प्रश्न होता तो केवळ विम्याच्या रकमेचा. विम्याच्या इतिहासांतलें हें सर्वांत काळें पान होय, आणि माणसाचा विमा उतरतांना तो कोणासाठीं उतरला जात आहे हें प्रथम विचारावें, असें तें पान आम्हांस शिकवितें.

इंग्लंडांतल्या कायद्यानेंही हळूहळू हाच प्रश्न विचारण्यास आरंभ केला. ज्या जहाजाशीं किंवा मालाशीं आपला हितसंबंध नाहीं त्याचा विमा उतरणें म्हणजे निव्वळ जुगार, असें ठरवून १७४५ सालीं तो बंद करण्यांत आला. १७७४ सालीं तोच नियम माणसाच्या आयुष्याच्या विम्यालाही लावण्यांत आला. तरी एक मोठें छिद्र राहिलेंच. जहाज जुनें झालें, तें भरपूर विम्याखालीं घालून वाटेल तितका माल भरून पाठविलें, तर तें बुडाल्यानें मालकाचें फारसें कांहीं जात नसे. जात तीं खलाशांचीं आयुष्यें. अशा जहाजांना इंग्लंडांतले लोक तरंगत्या शवपेट्या म्हणत. सॅम्युएल प्लिमसोल नांवाच्या पार्लमेंटच्या सभासदानें त्यांविरुद्ध वर्षानुवर्षें चळवळ केली, तेव्हां १८७६ च्या कायद्यानें प्रत्येक जहाजाच्या बाजूवर भाररेषा रंगविणें सक्तीचें झालें. ती रेषा पाण्याखालीं गेली तर जहाज निघतां कामा नये. विमा असला म्हणजे काळजी मिटली, असें समजणाऱ्यांनीं प्लिमसोलची ही रेषा आठवावी. विम्यानें नुकसान वांटलें जातें; तें टाळण्याचें काम रेषेनेंच होतें.

आतां प्रवाशाकडे वळूं. मनुष्य दुसऱ्याच्या हयगयीनें मेला तर त्याच्या बायकामुलांना भरपाई मागण्याचा हक्क इंग्लंडांत १८४६ सालीं मिळाला, आणि हिंदुस्थानांत १८५५ च्या तेराव्या कायद्यानें आला. आमच्या मतें हा कायदा फार मोठ्या योग्यतेचा आहे. पण त्याचवेळीं समुद्रापलीकडे काय घडत होतें हेंही पाहण्यासारखें आहे. त्याच १८५५ सालीं इंग्लंडांतील जहाजमालकांनीं अशा प्रकारच्या जबाबदारीचा भार आपसांत वांटून घेण्यासाठीं आपला पहिला संरक्षक संघ काढला. असे संघ आजही आहेत, आणि मोठ्या प्रवासी बोटींचे मालक त्यांचे सभासद असतात. "बोटीचा विमा आहेच, मग आपला कशाला?" असें जे विचारतात त्यांनीं हा मुद्दा नीट समजून घ्यावा. बोटीचा विमा हा मालकाच्या जबाबदारीचा विमा होय. मालकाची जबाबदारी ठरली तर, आणि ठरेल तेवढीच, भरपाई आपल्यापर्यंत येते. १९१२ सालीं 'टायटॅनिक' बुडाल्यावर जहाजाच्या दहा लक्ष पौंडांच्या विम्याचे पैसे थोड्याच दिवसांत हातीं पडले. प्रवाशांच्या वारसांचे दावे मिटण्यास मात्र वर्षें लोटलीं. प्रवाशाच्या स्वतःच्या हातांत असणारा विमा प्रथम आला तो आगगाडीवर: १८४९ सालीं इंग्लंडांतील एका कंपनीनें स्टेशनावर तिकिटाबरोबर अपघाताचा विमा देण्यास सुरुवात केली. आमच्याकडे रेल्वेच्या संकेतस्थळावर तिकीट काढणाऱ्याला असा ऐच्छिक विमा २०१६ सालीं मिळूं लागला. आरंभीं त्याचा हप्ता ९२ पैसे होता आणि मृत्यूबद्दलची रक्कम १० लक्ष रुपये. मधल्या १६७ वर्षांत आगगाडीच्या प्रवाशाला एवढीशी सोय सहज मिळाली नाहीं, मग बोटीच्या प्रवाशाची काय कथा!

बोटीच्या प्रवाशाची कथा आमच्या किनाऱ्यावर रक्तानें लिहिलेली आहे. आगबोट आली तेव्हां कोंकणाचें कल्याण झालें यांत शंका नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत व कचेऱ्यांत काम करणारा कोंकणी माणूस आगबोटीमुळेंच वर्षाकाठीं आपल्या घरीं जाऊं शकला. पण वाफेच्या यंत्रानें माणसाच्या मनांत एक नवा भरंवसा उत्पन्न केला. शिडाला वारा लागतो, यंत्राला लागत नाहीं. तेव्हां आगोटीची मर्यादा शिडाच्या गलबताला, आगबोटीला नव्हे, असें लोक मानूं लागले. १८८८ सालच्या नोव्हेंबरांत शेफर्ड कंपनीची 'वैतरणा' ही बोट कच्छ-मांडवीहून मुंबईस येतांना वादळांत सांपडून सातशेंहून अधिक माणसांसह नाहींशी झाली. विजेचे दिवे असल्यामुळें लोक तिला 'वीजळी' म्हणत. तिचा पत्ता पुढें कधींच लागला नाहीं. १९२७ सालच्या नोव्हेंबरांत कोंकणच्या किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच वादळांत गेल्या. आणि १९४७ सालच्या जुलैच्या १७ तारखेस 'रामदास' गेली.

'रामदास'ची गोष्ट आमच्या जिल्ह्यांतल्या घरांघरांतून सांगितली जाते, तरी ती येथें पुन्हां सांगणें अवश्य आहे. ही बोट १९३६ सालीं बांधलेली, विलायतेंतल्या नामांकित कारखान्यांतली. म्हणजे जुनीपुराणी नव्हती. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलें होतें. आषाढी अमावास्येचा सण होता, आणि मुंबईंत पोटासाठीं राहणारीं कुलाबा जिल्ह्यांतलीं माणसें घरीं निघालीं होतीं. सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून बोट रेवसकडे सुटली. मुंबईपासून थोड्याच मैलांवर, काशाच्या खडकाजवळ, लाटांनीं ती एका अंगावर कलंडली आणि थोड्याच मिनिटांत बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. बिनतारी संदेशाचें यंत्र बोटीवर नव्हतें. बातमी मुंबईस पोहोंचली ती पोहून वाचलेल्या माणसांच्या तोंडून, कांहीं तासांनीं. रेवसचा प्रवास म्हणजे अवघा तास-दीड तासाचा. त्याला 'समुद्रप्रवास' म्हणण्याचें कोणाच्या मनांतही येत नसे. म्हणून त्याची तजवीज कोणी करीत नसे; आणि पूर्वींची जी एक तजवीज होती, म्हणजे भर पावसाळ्यांत उघड्या दर्यावर न जाणें, ती यंत्राच्या भरंवशावर सुटली होती.

त्या सहाशें घरांना मागें आधार कशाचा राहिला? हिंदी माणसाच्या आयुष्याचा विमा त्या वेळीं नवा राहिला नव्हता. १८७० सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या 'बाँबे म्युच्युअल' संस्थेनें हिंदी लोकांचे विमे साध्या दरानें घेण्याचा पायंडा पाडला. १८७४ सालीं 'ओरिएंटल' निघाली. आणि १९१३ सालीं अण्णासाहेब चिरमुले यांनीं साताऱ्यास 'वेस्टर्न इंडिया' ही आयुर्विमा कंपनी काढून महाराष्ट्रांतल्या मध्यम वर्गाला हप्ता भरण्याची संवय लावली. परंतु हा विमा कारकुनाच्या, मास्तराच्या व वकिलाच्या घरापर्यंत पोहोंचला होता. गिरणीकामगार, हमाल, भाजीवाली आणि कोळी यांच्या घरापर्यंत तो पोहोंचलेला नव्हता. 'रामदास'वर गर्दी होती ती बहुतेक याच लोकांची. १८५५ च्या कायद्याखालीं दावा लावण्यास वकील लागतो, पुरावा लागतो, आणि वाट पाहण्याइतकें घरांत धान्य लागतें. कर्ता पुरुष गेलेल्या घरांत यांतलें काय असणार?

येथें एक तुलना आम्हांस फार बोलकी वाटते. १९३९ च्या मोटार कायद्यांतील सक्तीच्या विम्याचें प्रकरण १९४६ सालच्या १ जुलैपासून अंमलांत आलें. भाड्यानें माणसें नेणाऱ्या मोटारीला विम्यावांचून रस्त्यावर येण्याची त्या दिवसापासून मनाई झाली. म्हणजे 'रामदास' बुडाली त्या दिवशीं पनवेल-पेण रस्त्यावरच्या बसमधल्या उतारूच्या मागें कायद्यानें लावलेला थोडातरी विमा होता. देशांतर्गत जलमार्गांवर चालणाऱ्या यांत्रिक बोटींना तशी सक्ती करणारें प्रकरण १९१७ च्या जुन्या कायद्यांत घातलें गेलें तें १९७७ सालीं. रस्त्यावरच्या प्रवाशाला जें १९४६ सालीं मिळालें तें खाडींतल्या प्रवाशाला मिळण्यास आणखी एकतीस वर्षें लागलीं. प्रथम मुद्दल, मग माल व गलबत, मग मालकाची जबाबदारी, आणि सर्वांच्या शेवटीं प्रवासी: विम्याच्या इतिहासांतला हा क्रम सगळीकडे सारखाच दिसतो.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. ज्याला क्रूझला जावयाचें आहे त्यानें त्या चौकटींत खूण करावी कीं करूं नये? जें व्हायचें तें टळत नाहीं म्हणून विमा नको, हा आक्षेप आम्हांस पटत नाहीं. ज्या नाखव्यानें दर्याला नारळ दिला त्यानेंच आगोट पाळली, आणि ज्या व्यापाऱ्यानें घरीं सत्यनारायण केला त्यानेंच मालावर जोखमी हुंडी काढली. दैवावरची श्रद्धा आणि हिशेब हीं आमच्या वाडवडिलांच्या घरांत एकत्रच नांदत होतीं. दुसरा आक्षेप असा कीं, विमेवाले ऐन वेळीं कलम दाखवितात आणि पैसे देत नाहींत. यांत तथ्य आहे. पण त्यावरून निघतें तें एवढेंच कीं, कागद सहीपूर्वीं वाचावा. कराराचा कागद न वाचतां घेणाऱ्याला जुन्या पेढींवरचा मुनीमही हंसला असता.

जुन्या सावकारीचा एक साधा नियम येथेंही लागू पडतो: जें नुकसान आपल्याला सोसवतें त्याचा विमा उतरूं नये, जें सोसवणार नाहीं त्याचा अवश्य उतरावा. मुंबईहून गोव्यापर्यंत दोन-तीन रात्रींच्या सहलीस जाणारें तरुण, निरोगी जोडपें घ्या. त्यांची सहल रद्द झाली तर तिकिटाचे पैसे जातील; वाईट वाटेल, पण घर बुडणार नाहीं. घरीं आयुर्विमा आणि दवाखान्याचा विमा असेल, आणि त्यांत समुद्रावरचा अपवाद नसेल, तर वेगळा विमा न घेण्यांत कांहीं वावगें नाहीं. याच्या उलट, सत्तरीच्या पुढचे आईवडील सिंगापूरहून किंवा भूमध्य समुद्रांतल्या एखाद्या बंदरांतून बोटीनें निघाले आहेत अशी कल्पना करा. आपल्याकडच्या दवाखान्याच्या विम्याचे बहुतेक करार देशाबाहेरच्या उपचारांचा खर्च देत नाहींत. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याचें बिल निराळें असतें. दुखणें वाढलें तर परक्या बंदरांत उतरावें लागतें, आणि भर समुद्रांतून माणसाला हेलिकॉप्टरनें न्यावयाची पाळी आली तर त्या खर्चांत एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची शिल्लक जाऊं शकते. असा प्रवास विम्यावांचून करूं नये, असें आम्ही निःशंकपणें म्हणतों.

घेतांना मात्र तीन गोष्टी विचाराव्या. पहिली, आधींचा मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार यांबद्दल करारांत काय लिहिलें आहे. वडील माणसांच्या बाबतींत बरेचसे तंटे येथेंच उत्पन्न होतात, आणि आजार लपवून घेतलेला विमा हा नसल्यासारखाच होय. दुसरी, बोटीवरचा उपचार व बोटीवरून हलविण्याचा खर्च त्यांत स्पष्ट शब्दांनीं धरला आहे कीं नाहीं. केवळ 'परदेश प्रवास' एवढ्या शब्दावर विसंबूं नये. तिसरी, हा विमा कोणासाठीं आहे. सहल रद्द झाल्यावर मिळणारी रक्कम मोठी आणि दुखण्यासाठीं मिळणारी लहान असेल, तर तो करार तिकिटाचा विमा आहे, माणसाचा नव्हे. मालाच्या मागून माणूस, हा जुना क्रम आजच्याही कागदांत शिल्लक असूं शकतो, आणि तो ओळखण्याची जबाबदारी वाचणाऱ्याची आहे.

एवढें झालें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें मात्र कोणी समजूं नये. १९८९ सालीं आमच्या शेजारीं न्हावा-शेव्याचें प्रचंड बंदर उभें राहिलें. २०२५ च्या ऑक्टोबरांत पनवेल तालुक्यांतल्या विमानतळाचें उद्घाटन झालें. प्रवासाचीं साधनें अशीं पालटलीं, तरी १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेटवेहून घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, आणि डझनाहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. घारापुरी आमच्याच रायगड जिल्ह्यांत आहे. त्या दुर्घटनेनंतर गेटवेहून सुटणाऱ्या बोटींवर प्रत्येक उतारूनें जीवरक्षक जाकीट घातलेंच पाहिजे असा हुकूम निघाला. 'रामदास'नंतर सत्याहत्तर वर्षांनीं! जाकीट ही आमच्या काळची आगोट आहे. ती न पाळतां काढलेला विमा वारसांच्याच कामीं यावयाचा.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच आहे. ज्याला गरज आहे त्यानें विमा अवश्य घ्यावा, आणि तो पूर्ण वाचून घ्यावा. त्या चौकटींत खूण करण्यास अर्धें मिनिट लागतें. बोटीवर पाय ठेवतांच जाकिटें कोठें आहेत व ऐन वेळीं कोठें जमावयाचें, हें खलाशाला विचारण्यासही तेवढाच वेळ लागतो. ज्याच्या घरचें कोणी एके काळीं रेवसच्या बोटीनें जात असे, त्याला तरी हें दुसरें अर्धें मिनिट जड वाटूं नये.